वॉकर घेऊन घर बघायला: शुक्रवार पेठेतून मंगळवार पेठेत

ऑक्टोबर 2023 मध्ये कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतून मला फोन आला, तो मोरीची फरशी बदलण्यासाठी. त्या घरातले आजोबा, आबा, मोरीत घसरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि ते नुकतेच घरी आले होते. मी सिव्हिल इंजिनिअर आहे. जुन्या घरांची डागडुजी हेच माझं बरंचसं काम. फरशीचं माप घ्यायला गेले आणि पुढचे पंधरा महिने या कुटुंबाच्या घराच्या शोधात गुंतले. त्यांच्या परवानगीनं हे लिहिते आहे. नावं आणि गल्ली सांगत नाही.

घर

पंचगंगा घाटाकडं उतरत जाणाऱ्या गल्लीतलं कौलारू घर. दगडी जोतं, मोठा उंबरा, मग सोपा म्हणजे पुढची बसायची जागा, माजघर, स्वयंपाकघर, मागं परडं आणि परड्याच्या कोपऱ्यात संडास. वर माडी, तिच्यावर जायला लाकडी जिना, इतका उभा की मीसुद्धा उतरताना उलटी उतरले. आबांची कॉट सोप्यात होती. तिथून संडासापर्यंतचं अंतर मी टेपनं मोजलं: 31 फूट, दोन उंबरे, तीन पायऱ्या. वॉकर घेऊन चालणाऱ्या 77 वर्षांच्या माणसाला ही वाट रात्रीतून दोनदा करावी लागत होती. त्यांच्या पत्नी, 71 वर्षांच्या माई, दर वेळी उठून त्यांच्यामागं कंदिलासारखा मोबाइल धरून चालायच्या.

पण आबांचं पडणं हे अर्धंच कारण होतं. उरलेलं अर्धं नदीचं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट धरतात, हे कोल्हापुरातल्या पोरासोरांनाही पाठ असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. दोन्ही वेळा या घराच्या सोप्यात पाणी शिरलं. पाणी चढायला लागलं की सामान माडीवर टाकायचं आणि स्वतः वर बसायचं, हीच त्या घराची रीत. 2019 मध्ये आबा-माईंनी दोन रात्री माडीवर काढल्या, मग तालमीच्या पोरांनी त्यांना बाहेर काढलं.

आता आबांना जिना चढता येत नव्हता. ज्या माडीनं त्यांना तारलं होतं, ती त्यांच्यासाठी बंद झाली होती. मोरीची फरशी कितीही खडबडीत केली तरी हे बदलणार नव्हतं. मी माईंना तसं सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मला म्हाईत हाय. पण ह्यांच्यापुढं बोलू नका."

तीन पिढ्यांचा एकच बेत

घर शोधणारी माणसं या कुटुंबात एकाच वेळी तीन निघाली. आबा-माई तर होतेच. लेक 45 वर्षांची, अनुदानित शाळेत शिक्षिका, राजारामपुरीत सतरा वर्षं भाड्यानं. जावयांचं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप. त्यांना स्वतःचं पहिलं घर हवं होतं. आणि नात, 23 वर्षांची, गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नुकतीच लागलेली. तिला आईबापाच्या दोन खोल्यांतून बाहेर पडून स्वतःची एक खोली हवी होती.

आबांचा मुलगा पुण्यात. त्यानं या तिन्हींवर एकच तोड काढली: शुक्रवार पेठेतलं घर विकायचं, त्यात कर्जाची भर घालून आर. के. नगरच्या बाजूला चौथ्या मजल्यावरचा तीन बेडरूमचा फ्लॅट घ्यायचा, सगळ्यांनी एकत्र राहायचं. कर्ज त्याला सहज मिळणार म्हणून फ्लॅट त्याच्या नावावर. सांगायलाच हवं की त्याच्या मनात खोट नव्हती. 2019 मध्ये आणि 2021 मध्येही शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि आईबाप पुरात असताना तो पुण्यात अडकला. आईबापांना उंचावर न्यायचं, हे त्याच्या मनानं तेव्हाच घेतलं होतं. चौथा मजला त्याला म्हणूनच पटला.

बांधकाम बघून द्या, एवढंच त्यानं मला सांगितलं होतं.

कागद आधी अडला

दिवाळीच्या आत बुकिंग करायचं ठरलं आणि वकिलांनी जुन्या घराची मिळकत पत्रिका, म्हणजे मालकीची नोंद असलेलं प्रॉपर्टी कार्ड, मागवली. तीवर आबांच्या एकट्याचं नाव नव्हतं. घर आबांच्या वडिलांनी स्वकमाईनं घेतलेलं. ते 1988 मध्ये मृत्युपत्र न करता गेले. वारस म्हणून आबांच्या आईचं, आबांचं आणि दोन बहिणींचं नाव लागलं होतं. आई पुढं गेल्या. थोरली बहीणही गेली, तिची मुलं सांगलीला. धाकटी बहीण, म्हणजे मुलांची आत्या, गडहिंग्लजला.

मुलगा म्हणाला, "मुलींचा हक्क 2005 नंतर आला ना? आजोबा तर आधीच गेले." हा गैरसमज मी कितीतरी घरांत ऐकला आहे. 2005 ची दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतल्या मुलींच्या जन्मसिद्ध हक्काची आहे. वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राशिवाय मागं राहिली, तर तीत मुलींना मुलांइतकाच वाटा 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच आहे. म्हणजे आत्या आणि सांगलीचे भाचे यांच्या सह्यांशिवाय हे घर विकलं जाणार नव्हतं.

तीन आठवडे फोनाफोनी झाली. शेवटी लेक माईंना घेऊन गडहिंग्लजला गेली. आत्यांचं म्हणणं मला लेकीनं नंतर सांगितलं: "मला पैसं नकोत. पण माझ्या बाचं घर इकायला काढलासा, आणि मला वकिलाच्या नोटिशीतनं कळायचं व्हय?" नोटीस नुसती तयार करून ठेवलेली होती, ती कुणा भाच्याच्या तोंडून त्यांच्या कानावर गेली होती. त्या दिवशी आत्यांनी नकार दिला नाही आणि होकारही दिला नाही. दिवाळी सरली, बुकिंगची मुदत गेली. मुलाला ते फार लागलं. मला मात्र हायसं वाटलं, कारण तोवर मी तो फ्लॅट बघून आले होते.

वकिलांनी आणखी एक गोष्ट आबांच्या समोर सांगितली. विक्रीचे पैसे मुलाच्या नावावरच्या घरात गेले, की आबा-माई त्या घरात राहतील ते मुलाच्या मर्जीवर. ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007 चा कायदा आहे; सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर त्याच्या कलम 23 खाली ते हस्तांतर रद्द करून घेता येतं. पण ती अट कागदावर स्पष्ट हवी, नाहीतर म्हातारपणी ती सिद्ध करत बसावं लागतं. आणि नुसते पैसे देऊन दुसऱ्याच्या नावावर घर घेतलं, तर प्रश्न आणखी अवघड. मुलगा गप्प झाला. त्याला अपमान वाटला असावा. चांगल्या मुलालाही हे ऐकवावं लागतं, आणि ते सगळे एकत्र बसलेले असताना ऐकवलेलंच बरं.

फ्लॅट बघताना

चौथ्या मजल्याच्या फ्लॅटचं बांधकाम चांगलं होतं. भिंती सरळ, गिलावा नीट, उजेड भरपूर. मी जाताना गाडीत आबांचा वॉकर टाकून नेला होता. हे मी दोन-तीन वर्षांपासून करते आहे, आणि घरात वयस्कर माणूस असलेल्या प्रत्येकानं करावं असं मनापासून सांगते. मापं कागदावर घेतली तर डोळा फसतो, वॉकर फसत नाही. हॉलमधून तो गेला, बेडरूमच्या दारातून गेला, आणि बाथरूमच्या दारात अडकला. दार 26 इंचांचं, पण चौकट आणि अर्धवट उघडणारं फळकूट वजा जाता 23 इंच उरत होते. आत तीन इंचांची पायरी खाली. संडासाचं दार आतल्या बाजूला उघडणारं: आत माणूस पडला तर त्याच्याच अंगाला दार टेकणार आणि बाहेरून उघडता येणार नाही.

मग मी पाण्याचं विचारलं. 2019 आणि 2021 च्या पुरात शहराला पाणी देणारी शिंगणापूर आणि बालिंग्याची उपसा केंद्रं पाण्यात गेली होती, म्हणजे ज्या शहराला पुरानं वेढलं होतं त्याच्याच नळाला पाणी नव्हतं, आणि उंचावरच्या वसाहतीही टँकरच्या रांगेत उभ्या होत्या. त्यात वीज गेली की लिफ्ट बंद. चौथ्या मजल्यावर, वॉकरवरचा माणूस, खाली टँकर आणि हातात घागर माईंच्या. उंचावर जाणं म्हणजे पुरापासून सुटका, असं मुलाचं गणित होतं. कोल्हापुरात पूर घरात न शिरताही घरात येतो, हे त्या गणितात धरलेलंच नव्हतं.

मी लेखी अहवालात एवढंच दिलं: बांधकाम उत्तम, आबांसाठी नको. आणि खाली माझं मत लिहिलं, जे मला कुणी विचारलं नव्हतं. जुनं घर आत्ता विकू नका. आधी अकरा महिने तळमजल्यावर भाड्यानं राहून बघा. लेकीचं घर वेगळं घ्या.

त्यावर मुलगा चिडला. "या वयात त्यांना भाड्याच्या घरात टाकू?" भाड्याचं घर म्हणजे कमीपणा, ही भावना आपल्याकडं खोल आहे आणि मी तिला हसत नाही. पण विचार करा. तिशीत घर घेताना चुकलं तर माणूस सहन करतो, दहा वर्षांनी विकतो. सत्त्याहत्तराव्या वर्षी विकत घेतलेलं घर चुकीचं निघालं, तर पुन्हा हलायला ताकद उरत नाही आणि पैसाही अडकलेला असतो. भाड्याच्या घराची चूक अकरा महिन्यांत दुरुस्त होते. म्हातारपणी हीच सोय सगळ्यात मोलाची, असं माझं ठाम मत आहे.

निर्णय शेवटी माईंनी दिला. "बघूया राहून," एवढंच म्हणाल्या, आणि तो विषय संपला.

म्हाताऱ्यांना घर देताना

नोव्हेंबर-डिसेंबरात आम्ही नऊ घरं बघितली. चार ठिकाणी दार उघडायच्या आतच नकार. "दोघंच म्हातारी माणसं? उद्या काय झालं-बिलं तर आम्ही कुठं बघत बसू?" एका घरमालकानं तर आबांच्या समोरच हे विचारलं. गंमत नाही, पण त्याच महिन्यात नात खोली शोधत होती आणि तिला वेगळे प्रश्न होते: लग्न ठरलंय का, रात्रपाळी असते का, कोण कोण येणार. आजोबांना वय जास्त म्हणून घर नाही आणि नातीला वय कमी म्हणून. एका संध्याकाळी दोघींनी, म्हणजे माई आणि नातीनं, शेजारी बसून एकमेकींना हे सांगितलं आणि तिथंच नातीनं सुचवलं की मी तुमच्यासोबत राहते. तिनं अटही घातली, आणि ती मला फार आवडली. "मी राहीन, भाड्यात 3,000 घालीन. पण मला राखण म्हणून ठेवायचं नाही. माझ्या शिफ्टा असतील, मी उशिरा येईन."

घर मिळालं ते मंगळवार पेठेत, मिरजकर तिकटीपासून चालत जाण्याजोगं. तळमजला, दोन खोल्या-स्वयंपाकघर, उंबरा नाही, एकच पायरी सहा इंचांची, आवारात बोअर आणि तिला हातपंप. लेकीचं घर स्कूटरवर दहा मिनिटं. भाडं 11,000, अनामत 50,000.

करारावर मी आग्रह धरला की तो माईंच्या नावानं व्हावा. माईंच्या नावावर आयुष्यात एकही कागद नव्हता. ऑनलाइन नोंदणी करून द्यायला आलेल्या पोराच्या मशीनवर त्यांचा अंगठा जुळेना. पन्नास वर्षं भाकऱ्या थापलेल्या हातांवर रेषाच उरल्या नव्हत्या. कोमट पाण्यानं हात धुवून, पुसून, पुन्हा, पुन्हा. डाव्या हाताच्या मधल्या बोटानं जमलं. माई त्या बोटाकडं बघत राहिल्या.

पुष्कळ लोक ही नोंदणी टाळतात, पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून मोकळे होतात. त्या वेळच्या हिशेबानं इथं मुद्रांक शुल्क, अकरा महिन्यांच्या भाड्यावर आणि अनामतीच्या 10 टक्के व्याजावर पाव टक्का, म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास आलं. नोंदणी फी 1,000. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणं करार लेखी आणि नोंदणीकृत असणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. तो नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, दुसरं सिद्ध होईपर्यंत. मालकांना हे सांगितल्यावर तेच नोंदणीला तयार झाले. करारात एक कलम जास्तीचं घातलं: बाथरूममधले बदल भाडेकरूनं स्वखर्चानं करावेत, घर सोडताना ते तसेच ठेवावेत.

पौष

घर 10 जानेवारी 2024 ला ताब्यात आलं आणि दोन दिवसांत पौष लागला. पौषात घर बदलायचं नाही, माई हटून बसल्या. महिनाभर रिकाम्या घराचं भाडं जाणार म्हणून जावई नाराज. मला तो महिना वरदान वाटला. एरवी लोक सामान आणतात आणि मग त्यातच तोडफोड सुरू होते.

त्या महिन्यात संडासाचं दार बाहेर उघडणारं केलं आणि चौकट रुंदावून 32 इंचांची केली. कमोडची बैठक 18 इंचांवर घेतली. साधारण 17 ते 19 इंच उंचीवरून गुडघ्यांवर फार जोर न देता उठता येतं. भिंतीत 34 इंचांवर स्टीलच्या दांड्या बसवल्या, त्याही नुसत्या टाइलवर नाही तर आत विटेत पोचणाऱ्या फास्टनरनं. टाइलला चिकटवलेली दांडी माणसाच्या वजनासकट हातात येते. असं झालेलं मी बघितलं आहे. बाहेरच्या सहा इंचांच्या पायरीला सहा फूट लांबीचा उतार केला, एका फुटाला एक इंच. सगळं मिळून 41,000 रुपये.

कॉट कुठं ठेवायची यावर मी सगळ्यात जास्त वेळ घातला. जुन्या घरात आबांच्या उजव्या हाताला भिंत होती आणि ते डावीकडून उतरायचे. इथंही तसंच ठेवलं. झोपेतून उठलेला म्हातारा माणूस डोक्यानं चालत नाही, सवयीनं चालतो.

माघ लागला. एका गुरुवारी सकाळी आधी देव आले, मग कलश, मग दूध उतू घातलं, मग छोटा हत्ती भरून सामान. पाटा-वरवंटा आला, तांब्याचा बंब आला नाही. आबा रिक्षातून शेवटी आले. उतरताना त्यांनी उतारावर वॉकर टेकवला आणि काही न बोलता आत गेले.

माझ्याकडून राहिलं ते

आबांनी दुसऱ्या आठवड्यापासून बोलणं सोडलं. जेवण निम्म्यावर आलं. रात्री नीट जात होते, पडत नव्हते, बाथरूममध्ये स्वतः जात होते. माझ्या मापाचं सगळं बरोबर होतं. डॉक्टरांनी तपासलं, शरीरात काही नवं नव्हतं.

नातीच्या लक्षात आलं. रोज पाचच्या सुमाराला आबा शर्ट बदलून दाराशी खुर्चीवर बसत होते. जुन्या गल्लीत पाच वाजता ते तालमीच्या कट्ट्यावर जायचे. चाळीस वर्षं. तिथं कुणाची म्हैस किती दूध देते ते कुणाच्या पोराचं लग्न मोडलं इथपर्यंत सगळं त्यांच्या कानावर यायचं, आणि गंगावेशीतून परत येताना कुणीतरी त्यांच्या हातात धारोष्ण दुधाचा पेला द्यायचं. मी त्यांच्या रात्रीची वाट इंचात मोजली होती. संध्याकाळची वाट मोजलीच नाही. तो प्रश्न मी कुणाला विचारलासुद्धा नव्हता. ही माझी चूक होती, आणि तिची किंमत आबांनी तीन आठवडे मोजली.

मग ओळखीचा रिक्षावाला ठरवला: साडेचारला नेणं, साडेसहाला आणणं, आठवड्यातून पाच दिवस, महिन्याला 3,000. कट्ट्याची उंची कमी होती म्हणून तालमीच्या पोरांनी तिथं हातांची खुर्ची आणून ठेवली. मला विचारलंही नाही, बरोबर उंचीची आणली. चौथ्या दिवशी आबा रात्री पूर्ण भाकरी जेवले. आता मी कुणाचंही घर बघताना भाड्याच्या शेजारी या रिक्षाच्या पैशांचा रकाना आधी घालते.

लेकीचं घर

हे थोडक्यात सांगते, कारण एकत्र फ्लॅटचा बेत सुटल्यावर ते सरळ झालं. तिच्या डोळ्यांसमोर बँकेचं 20 वर्षांचं कर्ज होतं, पण 58 ला निवृत्ती म्हणजे हातात 13 वर्षं. 30 लाखांवर साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता 26,000 च्या घरात येतो, 13 वर्षांचा 31,800 च्या. पंचेचाळिशीत घर घेताना हा फरक आधी समोर ठेवावा. तिनं दोन बेडरूमचा, जुन्या इमारतीतला फ्लॅट घेतला, एकटीच्या नावावर. 2021 पासून महिलेला मुद्रांक शुल्कात जी 1 टक्का सवलत आहे ती मिळाली. भावानं तिला सुरुवातीच्या रकमेत मदत केली. त्याला मदत करायचीच होती. कुणी तरी ती घेण्याजोगी वाट दाखवायला हवी होती.

अकरा महिन्यांनंतर

2024 च्या जुलैत पंचगंगेनं पुन्हा धोका पातळी ओलांडली. पाणी जुन्या गल्लीच्या तोंडाशी आलं. आबा मंगळवार पेठेत फोन घेऊन बसले होते आणि तालमीच्या पोराला विचारत होते, "कुठल्या पायरीला लागलंय?" जुनं घर अजून आबा, आत्या आणि सांगलीचे भाचे यांचं सामाईकच आहे. दर शनिवारी नात तिथं जाऊन खिडक्या उघडते, दिवा लावते. गणपतीत आत्या गडहिंग्लजहून आल्या आणि चार दिवस त्या रिकाम्या घरातच राहिल्या. हक्कसोडपत्राचा, म्हणजे वाटा सोडून देण्याच्या कागदाचा, विषय कुणी काढला नाही, त्यांनीही नाही.

करार संपायच्या तीन महिने आधी मी माईंना आठवण केली. मुदत संपल्यावरही राहिलं तर कलम 24 खाली मालक दुप्पट दरानं भरपाई मागू शकतो, म्हणून नूतनीकरणाचं बोलणं लवकर सुरू करावं. मालक तयार होते, भाडं 600 नं वाढवून. नव्या कराराचा मसुदा आला तेव्हा नात तो वाचून दाखवत होती. माईंनी तिला एका ओळीवर थांबवलं.

"नोटीस किती म्हणालीस?"

"एक महिना, आजी. दोन्हीकडनं."

"तीन कर म्हणावं. म्हाताऱ्या माणसाला घर मिळायला किती दिवस लागत्यात, ते मी बघितलंय."

मालकांनी तीन महिने मान्य केले. नोंदणीच्या दिवशी मशीन पुढं आलं, तेव्हा माईंनी अंगठा दिलाच नाही. डाव्या हाताचं मधलं बोट पुढं केलं.